एका गुणाकारासाठी एक रविवार

काल रविवारी जेवणं झाल्यावर मी पोरीची गणिताची चौकटीची वही घेतली आणि पावणेदोन तास बसून एक गुणाकार केला. एकच. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला होता, कॅल्क्युलेटर घेतला नव्हता, आणि घेतला असता तरी त्याच्या काचेवर ते उत्तर मावलं नसतं. गुणाकार हा होता:

७६१८३८२५७२८७ × १९३७०७७२१

आणि उत्तर यायला हवं होतं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस आकडी. शाळेत एकं दहं शतं म्हणत आपण कोटीपर्यंत यायचो, फार तर अब्जापर्यंत. भास्कराचार्यांनी जी यादी दिलीये ती खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत परार्धाला संपते, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या त्या शेवटच्या नावाच्याही १४७५ पट भरते, म्हणजे तिला सरळ वाचायला आपल्याकडे नावंच उरत नाहीत.

ही संख्या आली कुठून? २ घ्या, दुप्पट करा, परत दुप्पट करा, असं करत २चा ६७वा घात काढा आणि त्यातून १ वजा करा. बस एवढंच. कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत लिहिली तर नुसते ६७ एक ओळीने उभे, मधे एकही शून्य नाही. इतकी साधी घडण असलेली संख्या, आणि तिने माणसांना अडीचशे वर्षं दम खाऊ दिला नाही.

पॅरिसमध्ये मारँ मर्सेन नावाचे एक पाद्री होते, गणिताची आवड, युरोपभरच्या गणितवाल्यांशी पत्रव्यवहार. त्यांनी १६४४ साली लिहून ठेवलं की २चा घात वजा १ ही संख्या २५७व्या घातापर्यंत कुठे कुठे मूळ संख्या होते, तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. (मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कुणानेच भाग जात नाही, हे शाळेतलं आठवत असेलच.) घात स्वतः मूळ असला तरच ही संख्या मूळ होण्याची आशा असते, उदाहरणार्थ ६६वा घात वजा १ ला ३ने सरळ भाग जातो. पण घात मूळ असला म्हणजे काम झालं असं नाही. ११ बघा, २चा ११वा घात २०४८, वजा १ म्हणजे २०४७, आणि ती निघते २३ × ८९.

तर यादीत ६७ होतं. मर्सेननी ते कशावरून लिहिलं कुणास ठाऊक, पण एकवीस आकडी संख्या खरंच मूळ आहे का हे त्या काळात तपासणार कोण? सरळ भाग देत बसायचं तर वर्गमुळापर्यंत जावं लागतं, ते वर्गमूळ येतं बाराशे चौदा कोटींच्या घरात. एका जन्माचं काम नाही ते.

मग १८७६ साली एदुआर ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ही संख्या मूळ नाहीच. आणि इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन दिवस तिच्याच विचारात होतो. त्यांनी सिद्ध केलं की हिला भाग जातो, पण कशाने जातो ते त्यांनाही सांगता आलं नाही! म्हणजे पेटी बंद आहे, आत दोन वस्तू आहेत हे पक्कं, पण कुठल्या वस्तू हे ठाऊक नाही. तोपर्यंत माझी समजूत अशी की मूळ नाही म्हणायचं तर अवयव काढून दाखव, त्याशिवाय कसं म्हणशील.

ल्युकांच्या कल्पनेचं सोपं रूप पुढे १९३०च्या सुमाराला लेमर या अमेरिकन गणितज्ञाने मांडलं, ते इतकं सुटसुटीत आहे की वहीत करता येतं. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. परत वर्ग, परत २ वजा, परत बाकी. घातापेक्षा दोन कमी वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर मूळ, नाही आली तर नाही. २चा ५वा घात वजा १ म्हणजे ३१ घेऊन बघू, तीनदा करायचं. ४चा वर्ग १६ वजा २, १४. १४चा वर्ग १९६ वजा २, १९४, ३१ने भागून बाकी ८. ८चा वर्ग ६४ वजा २, ६२, बाकी शून्य. ३१ मूळ. आता २०४७ साठी नऊ वेळा करा, ४ नंतर १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ मूळ नाही, आणि बघा, या सगळ्या आकडेमोडीत २३ किंवा ८९ कुठे दिसले का? दिसत नाहीत. ६७ची कथा हीच, फक्त पासष्ट वेळा आणि एकवीस आकडी बाक्या घेऊन.

बरं, सोप्या कसोटीला ही संख्या चक्क फसवते. मूळ संख्येचा एक जुना गुण आहे, फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलेला, की २चा त्या संख्येपेक्षा एक कमी इतका घात घेतला आणि त्या संख्येने भागलं तर बाकी १ उरते (२ स्वतः सोडून). पुष्कळ संयुक्त संख्या इथेच पकडल्या जातात. पण आपली ही संख्या मूळ नसूनही इथे बाकी १च देते. कारण समजून घेतलं तर छोटंच आहे, २चा ६७वा घात हिच्याने भागला की बाकी १ उरते (एकनेच तर मोठा आहे तो), आणि हिच्यातून एक काढलं तर उरलेल्याला ६७ने भाग जातो, म्हणून सगळं परत १वर येऊन बसतं.

अवयव मिळाले ते १९०३ साली. फ्रँक नेल्सन कोल, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. ३१ ऑक्टोबर १९०३, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची न्यूयॉर्कमधली बैठक, विषय मोठ्या संख्यांचे अवयव. गणितवाले ही गोष्ट अशी सांगतात की कोल उठले, फळ्याजवळ गेले, एका बाजूला २चा ६७वा घात काढला, १ वजा केला. मग फळ्याच्या रिकाम्या बाजूला गेले, दोन संख्या लिहिल्या आणि हाताने गुणाकार सुरू केला. शेवटी दोन्हीकडचं उत्तर एकच आलं. एक शब्द न बोलता ते जागेवर येऊन बसले आणि सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. प्रश्न कुणी विचारला नाही, विचारणार काय? किती वेळ लागला म्हणून नंतर कधीतरी विचारलं तेव्हा तीन वर्षांचे रविवार असं उत्तर मिळालं म्हणतात.

मला त्या तीन वर्षांच्या रविवारांनी धरून ठेवलं. म्हणून ठरवलं की आपणही एक रविवार देऊ, अवयव शोधायला नाही, ती आपली ताकद नाही, पण निदान तो फळ्यावरचा गुणाकार आपल्या हाताने करून बघू. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, दिवसभर बेरजाच असतात पण त्या मशीन करतं, हाताने शेवटचा मोठा गुणाकार कधी केला होता आठवत नाही.

वहीची दोन पानं जोडून आडवी धरली. वर १२ आकडी, खाली ९ आकडी. खालच्या संख्येत १, ९, ३, ७, ०, ७, ७, २, १ असे आकडे आहेत, म्हणजे प्रत्यक्षात १, २, ३, ७ आणि ९ एवढेच पाढे लागतात. त्यात सात तीनदा येतो, तर सातची ओळ एकदा करायची, ५३३२८६७८०१००९, आणि मग दोनदा नुसती उतरवायची. आठ ओळी झाल्या. खरी परीक्षा बेरजेत आहे, एका उभ्या रांगेत सात-आठ आकडे येतात आणि हातचे तीन, चार असे सरकत राहतात, एक हातचा विसरलात तर डावीकडचं सगळं वाहून गेलं.

बेरीज झाली आणि ताळा घेतला. माझे वडील, अण्णा, बाजार समितीत एका आडत दुकानात दिवाणजी होते, ते कुठलाही गुणाकार नवाचा ताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. एक फुली काढायची, वर एका संख्येच्या आकड्यांची बेरीज, खाली दुसरीची, एका बाजूला त्या दोघांचा गुणाकार आणि समोर उत्तराच्या आकड्यांची बेरीज, सगळं एक आकडी होईपर्यंत. शेवटचे दोन जुळले पाहिजेत. तर ७६१८३८२५७२८७ ची बेरीज ६४, मग १०, मग १. १९३७०७७२१ ची ३७, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. माझ्या उत्तराच्या आकड्यांची बेरीज करत गेलो आणि तीही १ आली! ताळा जुळला. मी पोरीला हाक मारली, ती नववीत आहे, म्हटलं पुस्तकातलं उत्तर वाच मी माझं बघतो.

ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे वीसच आकडे आहेत की."

मोजले. वीसच. शिवाय सुरुवात १४७६ने होत होती, पाहिजे १४७५. ताळा जुळलेला आणि उत्तर चूक. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. प्रत्येक ओळ परत तपासली, सातची ओळ बरोबर, नवाची बरोबर, बेरीज बरोबर. मग दिसलं. खालच्या संख्येत मधे शून्य आहे ना, त्या शून्याची ओळ लिहायची नसते पण तिची जागा सोडायची असते, ती मी सोडली नव्हती. त्यामुळे पुढच्या चारही ओळी एक घर उजवीकडे सरकल्या, म्हणजे मी खरं तर १९३७०७७२१ ऐवजी १९३७७७२१ने गुणलं होतं. आणि शून्य गाळलं तर आकड्यांच्या बेरजेत काय फरक पडणार? काहीच नाही. नवाच्या ताळ्याला जागा दिसतच नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. अण्णांच्या त्या फुलीवर माझा इतका विश्वास होता की ती कुठे आंधळी आहे हे इतक्या वर्षांत कधी तपासलंच नव्हतं.

याच्यावर उपाय अकराचा ताळा. उजवीकडून एक आकडा अधिक, पुढचा वजा, परत अधिक, असं करत जायचं आणि ११ने बाकी काढायची. इथे आकड्याची जागा बदलली की चिन्ह बदलतं, म्हणून सरकलेली ओळ सापडते. मोठ्या संख्येची बाकी ८ येते, छोटीची ९, गुणाकार ७२, त्यातून ६६ गेले ६. उत्तराची बाकी ६ पाहिजे. माझ्या चुकलेल्या उत्तराची आली शून्य. (शून्य का, तर १९३७७७२१ला ११ने पुरा भाग जातो, तेही तेव्हाच कळलं.) मग चार ओळी खोडून एक घर डावीकडे लिहिल्या, बेरीज परत, आणि या वेळी उत्तर १४७५ने सुरू झालं, ९२७ने संपलं, नवाचा ताळा १ आणि अकराचा ६. पोरगी एकेक आकडा वाचत होती आणि मी बोट ठेवत होतो, एकवीसच्या एकवीस जुळले. बायको आतून विचारत होती चहा टाकू का आणि आम्ही दोघंही उत्तर देत नव्हतो.

आता अवयवांबद्दल, कारण मला यात सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग. २चा ६७वा घात वजा १ ला कुठलाही मूळ अवयव असेल तर तो १३४च्या पटीपेक्षा एकने जास्तच असतो. कसं ते छोट्या उदाहरणावर दिसतं. २३ घ्या आणि २ची दुप्पट करत जा, २३च्या वर गेलं की २३ काढून टाका. १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२ आणि परत १. घड्याळासारखं, अकरा पावलांत फेरी पूर्ण. म्हणजे २चा ११वा घात २३ने भागला की बाकी १, म्हणून २०४७ला २३ने भाग जातो. आणि अशी फेरी नेहमी मूळ संख्या वजा एक यात नेमकी बसावी लागते, २२ मध्ये ११ दोनदा बसतात तसं. ६७ पावलांची फेरी असेल तर मूळ संख्या वजा एकला ६७ने भाग जायला पाहिजे, ती वजाबाकी समही असते म्हणून १३४ने. तेव्हा ७, ११, १३ पासून १३१पर्यंत कुणाकडे बघायचंच नाही. शिवाय दुसरी एक अट, ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यायला हवी.

कोल यांचा छोटा अवयव तपासून बघा. १९,३७,०७,७२१ मधून एक काढा, १३४ने भागा, येतात बरोबर १४,४५,५८०. बाकी काही नाही. म्हणजे नुसतं १३४च्या पटींनी चालत गेलं असतं तरी साडेचौदा लाखाव्या पायरीवर हा भेटला असता, दुसऱ्या अटीने त्यातल्या बऱ्याच गाळता येतात तरीसुद्धा लाखांत भागाकार, आणि प्रत्येक भागाकार एकवीस आकडी संख्येचा. कोलनी असं सरसकट भागत न बसता वर्गांच्या बाक्यांवरून चाळणी लावत लावत शक्यता कमी केल्या, आणि तरीही एवढे रविवार गेले. आज हेच काम साधा लॅपटॉप पापणी लवायच्या आत करतो, त्याचं मला कौतुक आहेच, पण माझ्या मनात कोलच जास्त राहतात.

मर्सेनच्या यादीचं पुढे काय झालं तेही सांगतो. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले होते. ६१चं १८८३ साली रशियातल्या इव्हान पेरवुशिन नावाच्या पाद्र्यांनी दाखवलं, म्हणजे एका पाद्र्याची यादी दुसऱ्याने दुरुस्त केली. काहींचं म्हणणं असंही आहे की मर्सेनना ६१च लिहायचं होतं आणि १चा ७ झाला. हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाला हे अशक्य वाटत नाही. अशा संख्यांचा शोध अजून चालू आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १ आहे, चार कोटी दहा लाखांवर आकडे. तिथेही खात्री केली जाते ती ल्युकांच्याच मार्गाने.

पोरीने विचारलं याचा उपयोग काय. तिला सांगितलं की गुणायला पावणेदोन तास आणि उलटं सोडवायला तीन वर्षं, या फरकावरच बँकेच्या वेबसाईटची कुलपं उभी राहिली, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघडपणे सांगायचा, ६१७ आकडी वगैरे, आणि अवयव आपल्यापाशी ठेवायचे. मूळ आहे का हे पटकन ठरवण्याची पक्की रीत २००२ साली आपल्या आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण अवयव पटकन काढायची तशी रीत साध्या कॉम्प्युटरसाठी अजून कुणाकडे नाही. ल्युका आणि कोल यांच्यामधली ती २७ वर्षांची दरी तशीच आहे म्हणा ना.

आणि १८७६ ते १९०३ मधल्या ६७सारखी अवस्था असलेली संख्या आजही आहे. २चा १२७७वा घात वजा १. तीनशे पंच्याऐंशी आकडी. मूळ नाही हे सिद्ध झालंय. अवयव मात्र मी हे लिहितोय तोवर एकही सापडलेला नाही. जो मूळ अवयव असेल तो २५५४च्या पटीपेक्षा एक जास्त असणार, आणि ८ने बाकी १ किंवा ७ देणार.

रात्री जेवल्यावर आम्ही दोघांनी त्याच वहीच्या पुढच्या पानावर सुरुवात केली. लोकांनी कॉम्प्युटर लावून फार फार पुढेपर्यंत चाळून ठेवलंय, आपल्याला त्यात काही मिळायचं नाही हे तिलाही सांगितलं, तरी ती बसली. अशा एकेक संख्या घ्यायच्या आणि मूळ नसतील त्या गाळायच्या. २५५५ला ५ने जातो. ५१०९ला ३ने. ७६६३ने दहा मिनिटं घेतली, ती निघाली ७९ × ९७. १०२१७ म्हणजे १७ × ६०१. १२७७१ची बेरीज १८, गेली. १५३२५ गेली. १७८७९ म्हणजे १९ × ९४१, हे तिने काढलं. २०४३३ला ३ने जातो, २२९८७ आणि २५५४१ आठाच्या अटीत बसत नाहीत, २८०९५ उघडच आहे. मग ३०६४९. अट पाळते, आणि १७३पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं तरी जात नाही. पहिला खरा उमेदवार. आता २चा १२७७वा घात याने भागून बाकी काय येते ते काढायचं, म्हणजे दहा वेळा वर्ग आणि मधे मधे दुप्पट. साडेअकरा वाजले होते, तिची सकाळची शाळा, म्हणून पानाचा कोपरा दुमडून ठेवला. पुढच्या रविवारी तिथूनच.